तीन वेळा पुसलेला निकाल

वनिता भुवड यांच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे प्रभाकर रेडीजांना स्वच्छ आठवत होतं. पाकीट निळं होतं. तिकीट जरा तिरकं लावलेलं. आत वहीचं एक पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, आणि अगदी शेवटी, "साहेब, वाट नसली तर नाही म्हणून एक ओळ लिहा. असली तर तसंही लिहा." खाली तारीख ५ जुलै २०३४. पत्र त्यांच्या हातात पडलं आठ तारखेला. तेव्हापासून ते टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या वकीलपत्रांच्या गठ्ठ्याखाली पडून होतं.

नऊ वर्षं झाली. उत्तर का दिलं नाही, तेवढं मात्र त्यांना आठवत नव्हतं. कामात असू. विसरलो असू. परगावच्या वर्तमानपत्रात कुणा अनोळखी माणसाच्या घरी चोरी झाल्याची बातमी वाचावी, तसं ते पत्र त्यांना आठवायचं. पुढचं पान उलटलं की संपलं.

यात काही बिघडलंय असं त्यांना ठामपणे म्हणता आलं नसतं. ठामपणे त्यांना काहीच म्हणता यायचं नाही. चव्वेचाळीस वर्षं चिपळूणच्या कोर्टात दिवाणी वकिली करूनही उभं राहण्याआधी ते दोनदा खिशातला रुमाल चाचपत आणि आपला मुद्दा मुळातच चुकीचा तर नाही ना, असं स्वतःला विचारत. पुस्तकांत मात्र ते रमत. त्यांचे सीनियर दाजीसाहेब विचारे यांनी त्यांना एक शिस्त लावली होती. निकालांचे बांधीव खंड घ्यायचे, आणि एखादा निकाल वरच्या कोर्टाने रद्द केला की, त्या पानाच्या समासात एक चिठ्ठी डकवायची. अमुक निकालाने रद्द, तारीख, सही. दर शनिवारी सकाळी वाटीत खळ घेऊन रेडीज चिठ्ठ्या डकवत बसायचे. बाररूममधले लोक संगणकावर निकाल शोधायला लागले, तरी यांची वाटी चालूच होती.

मग यंत्रांनी घोळ घातला. वकील यंत्राला विचारत, यंत्र हवा तसा निकाल काढून देई, आणि कित्येकदा तो निकाल कुठल्याच कोर्टाने दिलेला नसे. नाव खरं वाटायचं, पान क्रमांक खरा वाटायचा, आत काहीच नाही. न्यायाधीश वैतागले. शेवटी नियम झाला: कोर्टाच्या आवारात यंत्र बंद. युक्तिवाद करायचा तो छापील कागदावरून आणि स्वतःच्या डोक्यातून. पण वर्षाला हजारो निकाल येत होते. ते डोक्यात राहायचे कसे?

त्यावर पट्टी आली. कानामागे चिकटवायची, बोटभर रुंद, कातडीच्या रंगाची. सकाळी सात ते साडेसात वाचन करायचं. माणूस वाचत असताना मेंदू नवी गोष्ट पक्की करायच्या खटाटोपात असतो; त्या खटाटोपाचा नेमका क्षण ओळखून पट्टी एक बारीकसा विद्युतस्पंद देते. एरवी आठवड्यात पुसट होणारं वाचन वर्षभर ताजं राहतं. वकील याला भरणी म्हणू लागले.

भरणीतून दुसरी अडचण निघाली. रद्द झालेले निकालही तितकेच ताजे राहायला लागले. लोक मेलेला कायदा आत्मविश्वासाने सांगू लागले. म्हणून पुसणी. आठवण ही काही कपाटातली फाइल नव्हे. ती बाहेर काढली की, दर वेळी थोडी सुटते, नुकत्याच डकवलेल्या चिठ्ठीसारखी ओली असते, आणि काही तासांनी पुन्हा घट्ट बसते. ती ओली आहे तोवर उलटा स्पंद दिला की, बसताना सैल बसते. निकाल माहीत राहतो, पण आपणहून जिभेवर येत नाही. पुसणी घरी होत नसे, केंद्रात जावं लागे. तिथे सही करायच्या कागदावर बारीक अक्षरांत एक ओळ होती: "निकालाशी निगडित प्रसंगांची तीव्रता कमी होऊ शकते." एखादा निकाल वकिलाच्या डोक्यात एकटा बसलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ. त्याला अशिलाचा चेहरा चिकटलेला असतो, हरल्याची तारीख असते, कोर्टाच्या पायरीवर कुणीतरी काढलेले शब्द असतात.

बाररूममध्ये या ओळीवर विनोद व्हायचे. "माझी परवा पुसणी झाली," नारकर वकील सांगायचे. "सासऱ्यांशी सतरा वर्षं भांडण होतं. आता आठवतच नाही कशावरून. काल त्यांना फणस दिला."

रेडीज सात वर्षं पट्टी लावत होते.

*

त्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत रुबीना मुकादम त्यांच्या बाकावर येऊन बसल्या. पूर्वी त्या रेडीजांच्या ज्युनियर होत्या. आता त्यांचं स्वतःचं ऑफिस होतं, चष्मा होता, आणि डबा उघडता उघडता बोलायची जुनी सवय तशीच होती.

"सर, वनिता भुवड आठवतात?"

"आठवतात. कोंडवलीच्या. घराचा दावा. वीस जून चौतीसला निकाल. विरुद्ध."

"अगदी नोटीस वाचल्यासारखं सांगितलंत."

"चुकलं का काही?"

"नाही, बरोबर आहे." रुबीनांनी भाकरी मोडली. "नवऱ्याच्या नावावरचं घर. बाईने चिरे वाहिले, गवंड्याच्या हाताखाली राबली. नवरा मुंबईत. मरताना घर भावाच्या नावे करून गेला. तुम्ही अर्ध्या हिश्श्याचा दावा लावलात. मग बत्तीस सालचा निकाल आडवा आला. पैसे घातल्याचा कागद नसेल, तर बायकोला हिस्सा नाही."

"हो. आणि मी कोर्टात सांगितलं, कायदा आमच्या बाजूने नाही."

"एप्रिलमध्ये सांगितलंत. पण फेब्रुवारीतच मोठ्या खंडपीठाने तो निकाल रद्द केला होता, सर. मेहनत हाही हिस्सा धरला होता."

रेडीजांनी मान हलवली. हे त्यांना माहीत होतं. कुठल्याही वकिलाला माहीत होतं.

"दीर इतकी वर्षं तिला पडवीत राहू देत होता. आता घर विकतोय. पुढच्या महिन्यात खरेदीखत. मला अपील करायचंय, नऊ वर्षं उशिरा. विलंब माफ करून घ्यायचा तर कारण लागेल. वकिलाची चूक हे कारण धरतात." रुबीनांचा आवाज खाली आला. "तुम्ही एक प्रतिज्ञापत्र द्या. नवा निकाल मला तेव्हा माहीत नव्हता, बस्स. कुणी तुम्हाला फासावर देणार नाही. दोन महिन्यांपूर्वीचा निकाल, समोरच्या वकिलालाही माहीत नव्हता. नसेल नाहीतर गप्प बसला असेल."

"मला माहीत नव्हता?"

"असणार कसा? असता तर तुम्ही मांडला नसतात का?"

रेडीजांना ते पटलं. पटायला काही हरकतही नव्हती.

"एकच भोक राहतं," रुबीना म्हणाल्या. "दीर म्हणणार, बाई नऊ वर्षं झोपली होती का? ती म्हणते, मुदतीतच पत्र टाकून सरांना विचारलं होतं. साधं टपाल. ना पावती, ना नक्कल. कोण विश्वास ठेवणार? शनिवारी तिला घेऊन येते. तुम्ही बोला तिच्याशी."

पत्र माझ्या खणात आहे, असं सांगायला रेडीजांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात घंटा झाली, रुबीना डबा बंद करून उठल्या, आणि ते तसेच बसून राहिले. नंतर त्यांना वाटलं की, घंटा झाली नसती तरी आपण बोललो असतो की नाही, कुणास ठाऊक.

*

शनिवारी वनिताबाई आल्या त्या आमसुलांची पिशवी घेऊन. साठीच्या जवळ, बारीक, पण खुर्चीत बसल्या तशा ताठ. रेडीजांकडे बघून त्या हसल्या.

"साहेब म्हातारे झालात."

"तुम्हीही."

"मी तेव्हाही होतेच. तुम्ही पुस्तकात बघायचात, माझ्याकडे कुठं बघितलंत?"

रुबीना खळखळून हसल्या. रेडीजही हसले. त्या चेहऱ्याकडे बघून आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं त्यांना वाटलं, आणि ते वाट बघत राहिले. पंखा फिरत होता. काही झालं नाही.

"तो चिरा मी डोक्यावरून वाहिला," वनिताबाई सांगत होत्या. "नदीपासनं चढण. दीर आता गिऱ्हाइकाला सांगतो, आमच्या दादाने घर बांधलं. दादा गणपतीला यायचा, चार दिवस. कुठला चिरा तुटका आहे नि कुठे बसवलाय, ते मला विचारा ना. गिऱ्हाईक पडवी पाडणार म्हणतो. मग मी कुठं जायचं, ते काय कुणी सांगत नाही."

"बाई, पत्राचं सांगा सरांना," रुबीना म्हणाल्या.

"काय सांगायचं त्यात. भाची म्हणाली, आत्ये, कायदा बदललाय असं ऐकलंय, वकिलांना विचार. मग मी लिवलं. निळं पाकीट होतं. पेटीत मी स्वतः टाकलं. दोन महिने वाट बघितली." वनिताबाईंनी पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "भाची म्हणाली, जाऊन विचार. मी म्हटलं, नको. गरिबाचं पत्र वाचून उत्तर न देणाऱ्यातले ते साहेब नव्हेत. टपालात गहाळ झालं असणार. म्हणून मी कधी मनात राग धरला नाही तुमचा."

रेडीजांचा गुडघा खालच्या खणाला टेकला होता.

"तेव्हा वाट होती का ओ, साहेब?"

"मला... बघावं लागेल."

"हे बघा!" वनिताबाई रुबीनांकडे वळून म्हणाल्या. "तेव्हाही अस्संच म्हणायचे. बघतो, बघतो."

त्या गेल्यावर रेडीजांनी खण उघडला, पत्र काढलं, वाचलं, परत ठेवलं. रुबीनांनी तयार करून आणलेलं प्रतिज्ञापत्र टेबलावर होतं. "सदर निकाल मला त्या वेळी माहीत नव्हता." खाली सत्यापनाचा नेहमीचा परिच्छेद होता: वरील मजकूर माझ्या वैयक्तिक माहितीप्रमाणे खरा आहे.

त्यांनी पेन उघडलं. आयुष्यभर त्यांनी अशिलांना एकच गोष्ट बजावली होती. जे स्वतः पाहिलंय, केलंय, ते वैयक्तिक माहिती. जे दुसऱ्याकडून कळलं, कागदावरून कळलं, ते "मिळालेल्या माहितीवरून खरं मानतो" असं वेगळं लिहायचं. दोन्हींची सरमिसळ म्हणजे खोटी शपथ. आता प्रश्न असा होता की, नऊ वर्षांपूर्वी आपल्याला काय माहीत होतं, याची आपल्याला वैयक्तिक माहिती आहे का?

त्यांनी पेन बंद केलं.

*

त्याच दुपारी ते पुसणी केंद्रात गेले; ते बाजारपेठेत, एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर होतं. तिथल्या करंबेळेबाई रेडीजांना काका म्हणत.

"काका, परत आणायचं म्हणता? पुसणीला उलट फेरी नसते. सैल बसलेलं घट्ट करता येत नाही. निकाल पुन्हा भरता येईल, पण त्याच्याबरोबरचं जे काही होतं ते कुठून भरणार? ते छापलेलं नाही ना कुठे."

"पत्र वाचून येईल का?"

"वाचून पाहिलंत?"

"परवापासून रोज वाचतो आहे."

"मग?"

"वाचतो, एवढंच."

करंबेळेबाईंनी पडद्यावर त्यांची नोंद काढली. बत्तीस सालचा, भाग पहिला, पान चारशे बारा. त्या थबकल्या. मग त्यांनी चष्मा वर सारला आणि नोंदीची छापील प्रत काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

सात वर्षांत रेडीजांच्या डोक्यातले अकराशेच्या वर निकाल पुसले गेले होते. प्रत्येकापुढे एक तारीख. चारशे बारा पानापुढे तीन होत्या. ३ मार्च २०३६. मग १७ मार्च, सदस्याच्या विनंतीवरून. मग २ एप्रिल, सदस्याच्या विनंतीवरून.

"एकदा पुरते," करंबेळेबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा आलेला माणूस मी इथे पाहिलेला नाही. माझ्या आधीच्या बाईंनी शेरा मारलाय बघा. समजावून सांगितले, ऐकत नाहीत. सही तुमचीच ना?"

"माझीच."

"काय होतं हो काका, त्या निकालात?"

"तेच शोधतो आहे."

जिना उतरताना रेडीज त्या कागदाकडे समोरच्या पक्षाने दाखल केलेल्या पुराव्याकडे बघावं तसं बघत होते. जो माणूस निकाल माहीत नसल्यामुळे चुकला, तो एकदा पुसून थांबला असता. चूक झाली, वाईट वाटलं, संपलं. तीन वेळा आलेल्या माणसाला कशाचा तरी त्रास होता. रुबीनांच्या प्रतिज्ञापत्रात त्या त्रासाचं कारण नव्हतं.

*

घरी पुस्तकांच्या खोलीत सगळे खंड होते. बत्तीस साल, दोन भाग. रेडीजांनी पहिला भाग काढला, पान चारशे बारा उघडलं. समास कोरा. चिठ्ठी नाही. म्हणजे रुबीना म्हणत होत्या तेच खरं, माहीतच नव्हतं. त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

पुस्तक परत ठेवताना दाजीसाहेबांचं एक वाक्य त्यांना आठवलं: दोन भागांत एकच पान क्रमांक असतो, रेडीज, खळ लावण्याआधी पाठीवरचा आकडा बघत जा.

त्यांनी दुसरा भाग काढला. पान चारशे बारा. कुठल्याशा नगरपालिकेच्या पाणीपट्टीचा निकाल, आणि त्याच्या शेजारी, जिथे तिचं काहीच काम नव्हतं अशा जागी, एक चिठ्ठी. मोठ्या खंडपीठाच्या निकालाने रद्द. २५ फेब्रुवारी ३४. प्र. ग. रेडीज. अक्षर नीट, निवांत, शनिवारी सकाळचं.

चिठ्ठीखाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं, आणि ते अक्षर निवांत नव्हतं. "चुकीच्या भागात लावली. ९ जुलै ३४. अपिलाची मुदत २० पर्यंत." त्याखाली आकडे, एका ओळीत. ९, १०, ११, १२, असे वीसपर्यंत. प्रत्येक आकड्यावर एक आडवी काट. पहिल्या काटा हलक्या होत्या. अठरा, एकोणीसला कागद खरवडला गेला होता. विसाच्या जागी पानाला भोक पडलं होतं.

पत्नी शालिनीबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा ते खुर्चीत बसले होते, पुस्तक मांडीवर.

"पुन्हा तेच पुस्तक?" त्या दारातच थांबल्या.

"पुन्हा म्हणजे?"

"त्या जुलैत रोज सकाळी आंघोळीच्या आधी हेच उघडून बसायचात. मी विचारलं की म्हणायचात, काही नाही. एक दिवस पाकिटावर पत्ता लिहिलात, तिकीट लावलंत, आणि परत आणून फाडून टाकलंत."

"मला आठवत नाही."

"तुम्हाला कसं आठवेल." त्यांनी कप ठेवला. "दोन वर्षं तुम्ही नीट जेवला नाहीत, अहो. कोर्टातून यायचं, ताटावर बसायचं, उठून जायचं. मला भीती वाटायला लागली. मग ते केंद्र निघालं. नारकरवहिनी म्हणाल्या, यांचं डोकं हलकं झालं. मीच म्हटलं तुम्हाला, जा आणि पुसून या. पहिल्यांदा आलात, तरी जेवला नाहीत. मीच परत पाठवलं. तिसऱ्यांदा आलात आणि म्हणालात, भाजी छान झालीय." त्या खाली मान घालून पदराशी चाळा करत होत्या. "त्याच्यानंतर तुम्ही सगळ्यालाच छान म्हणता. कालचं असो, आजचं असो. पोरगी अमेरिकेला गेली तेव्हाही छान म्हणालात."

"तुला माहीत होतं काय होतं ते?"

"नाही. मी विचारलंच नाही. जेवा म्हटलं फक्त."

रेडीजांनी चहा घेतला. गरम होता. शालिनीबाई अजून उभ्याच होत्या, तेव्हा ते म्हणाले, "बस ना." त्या बसल्या. दोघांनी पुस्तकाच्या त्या पानाकडे पाहिलं, पानातल्या भोकाकडे.

*

रविवारभर ते उत्तर लिहीत होते.

पहिला मसुदा त्यांनी "मला अत्यंत खेद वाटतो" असा सुरू केला आणि तिथेच थांबले. वाटतो का? त्यांनी प्रामाणिकपणे आत पाहिलं. वाटत नव्हता. पत्र, चिठ्ठी, बारा तारखांवरच्या बारा काटा, बायकोची साक्ष, केंद्राची नोंद. पुरावा भरभक्कम होता, आणि तो ज्याच्याविरुद्ध होता तो माणूस खोलीत नव्हता. त्याला पुसून टाकलं होतं. आता त्याच्या वतीने कुणीतरी हजर राहायला हवं होतं. आपण त्याला लायक आहोत का, ही शंका त्यांना आलीच. पण दुसरं कुणी नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यांनी नोटरीसमोर नवं प्रतिज्ञापत्र केलं आणि त्याला मूळ पत्र, पाकीट, आणि खंडातल्या त्या पानाची प्रत जोडून रुबीनांच्या ऑफिसात दिलं. रुबीनांनी उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर खाली बसल्या.

"पत्र तुमच्याकडे होतं?"

"हो."

"शनिवारी त्या तुमच्यासमोर बसल्या होत्या, सर. खणात होतं?"

"हो."

रुबीना खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. रेडीजांना वाटलं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान दोघांपैकी एकाच्या तरी आवाजात राग आला असता. पण त्या ओरडल्या नाहीत.

"माहीत नव्हतं म्हणालात तर फक्त चूक होती," त्या शेवटी म्हणाल्या. "हे वेगळं आहे. यात सनद जाईल तुमची."

"बाईंचं काम होईल का?"

"पाकिटावरचा शिक्का मुदतीतला आहे. बाई झोपली नव्हती, हे आता कागदावर आहे. विलंब माफ होईल, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, खात्री नाही देत." त्यांनी कागद नीट जुळवले. "आज विक्रीला स्थगितीचा अर्ज टाकते. आणि बाईंना मी फोन करून सांगते, तुम्ही नका."

"सांगा. पण पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय. ते मी टपालाने पाठवतो."

"कोंडवली बारा किलोमीटर आहे, सर! मी संध्याकाळी जाणारच आहे. द्या, नेते."

"नको," रेडीज म्हणाले. "टपालात गहाळ होत नाही, एवढं तरी त्यांना कळू दे."

*

पोस्टात पोचपावतीच्या खिडकीपाशी तिघं होते. रेडीज मागे उभे राहिले आणि पाकीट बंद करण्याआधी त्यांनी कागद एकदा पुन्हा वाचला.

"श्रीमती वनिता भुवड यांस,

तुमचे ५ जुलै २०३४ चे पत्र मला ८ जुलैस मिळाले. टपालात गहाळ झाले नव्हते.

वाट होती. अपिलाला तेव्हा बारा दिवस शिल्लक होते. नवा निकाल मी फेब्रुवारीतच वाचला होता, पण त्याची चिठ्ठी चुकीच्या पुस्तकात लावली, आणि कोर्टात उभा राहिलो तेव्हा मला ती सापडली नाही. ती चूक होती. तुमचे पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी मला ती सापडली, आणि तरी मी तुम्हाला कळवले नाही. ती चूक नव्हती. चूक कबूल करायची मला लाज वाटली असावी.

तुमचे पत्र मला मिळाले आणि मी उत्तर दिले नाही, एवढे माझ्या वैयक्तिक माहितीप्रमाणे खरे आहे. बाकीचे मी माझ्याच हस्ताक्षरावरून आणि पत्नीच्या सांगण्यावरून लिहितो, कारण ते मी नंतर माझ्या डोक्यातून काढून टाकले. याच माहितीवरून असे दिसते की, तुमच्यामुळे मला दोन वर्षे अन्न गोड लागले नाही. आज मला तसे वाटत नाही, आणि वाटते असे मी तुम्हाला खोटे लिहिणार नाही. पण ते मी खरे मानतो.

तुम्ही राग धरला नाहीत, तो आता धरावा.

प्र. ग. रेडीज"

शेवटची ओळ काढावी का, असा त्यांना पुन्हा संशय आला. आपण कोण सांगणारे? पण पुढचा माणूस बाजूला झाला होता आणि खिडकीतला कारकून हात पुढे करून बसला होता. रेडीजांनी पाकीट चिकटवलं.

"कोंडवली?" कारकुनाने पत्ता वाचला. "काका, रिक्षाने पोचवलंत तर आज मिळेल. असं गेलं तर परवा."

"परवा चालेल."

"पोचपावती कुणाच्या पत्त्यावर? तुमच्याच?"

रेडीजांनी जरा विचार केला. बाईंनी सही केलेलं ते गुलाबी कार्ड आपल्याकडे आलं, तर आपण ते कुठल्या खणात ठेवू, हे त्यांना नक्की सांगता आलं नसतं.

"माझ्या नको. अ‍ॅडव्होकेट रुबीना मुकादम, कोर्टासमोर. कामात दाखल करायची आहे."

कारकुनाने कार्डावर पत्ता लिहिला, पाकिटावर शिक्का मारला आणि तारीख नीट उठली की नाही ते बघून पुन्हा एकदा मारला. मग त्याने न बघताच ते पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.